पहिलं बरं की दुसरं?

चष्म्याचा नंबर काढताना आम्ही दिवसभर एकच प्रश्न विचारतो. काच फिरवायची आणि विचारायचं, पहिलं बरं की दुसरं? पाच-सहा फेऱ्यांनंतर बहुतेक माणसं कंटाळून "दोन्ही सारखंच" म्हणतात, आणि आम्हाला तेच ऐकायचं असतं. दक्षिण लंडनमधल्या ज्या आधारगृहांत मी तपासणीची पेटी घेऊन जाते तिथे मात्र हा प्रश्न इतका साधा राहत नाही. तिथे राहणारे बहुतेक जण स्किझोफ्रेनियाचे, वर्षानुवर्षं औषधांवर असलेले. त्यांतल्या एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "बरोबर उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. मग मला कशाला विचारता?" ते पुरते चुकीचेही नव्हते. रेटिनोस्कोपने डोळ्यात उजेड टाकून मी त्यांचा नंबर जवळजवळ काढलेला होताच.

शारीरिक किंवा मानसिक आजारामुळे ज्याला एकट्याला घराबाहेर पडता येत नाही, त्याची नेत्रतपासणी इथे एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, खर्चाने घरी जाऊन करता येते. माझं निम्मं काम हेच. मी ऑप्टोमेट्री शिकले पुण्यात, इथे आल्यावर परीक्षा पुन्हा दिल्या. पण या कामात ज्या गोष्टी लागतात त्या दोन्हीकडच्या अभ्यासक्रमात नव्हत्या. दिवा मालवायच्या आधी सांगायचं, आणि मालवल्यावरही बोलत राहायचं. ऑप्थॅल्मोस्कोपने आत बघताना माझा चेहरा समोरच्याच्या चेहऱ्यापासून दोन-तीन बोटांवर येतो. लोक आपल्या डोक्यात शिरू पाहताहेत असं ज्याला मुळातच वाटतंय, त्याच्या जवळ अंधारात इतकं कोणी यावं का? म्हणून मी आधी ते उपकरण त्याच्या हातात देते आणि म्हणते, तुम्ही माझ्या डोळ्यात बघा. डोळ्यातला दाब मोजायला हवेचा फवारा मारणारं यंत्र पेटीतून काढूनच टाकलंय. पडद्याचा फोटो काढला तर तो सर्वांत आधी त्यालाच दाखवायचा, आणि तो कुठे जाणार, कोण बघणार, हे विचारायच्या आत सांगायचं. मग थांबायचं. उत्तर यायला वेळ लागतो. ते येतं, पण दुकानातल्या वीस मिनिटांच्या हिशेबात बसत नाही.

(या लेखात येणाऱ्या माणसांचे तपशील मी ओळख लागणार नाही इतपत बदलले आहेत.)

पन्नाशीच्या एका बाईंच्या नोंदवहीत लिहिलेलं होतं, "अक्षरं हलतात असं म्हणतात, वाचन बंद केलं आहे." ती नोंद भासांच्या रकान्यात होती. त्यांना आवाज ऐकू येत असत, तेव्हा दिसण्याचंही त्यातच गेलं. मी औषधांची यादी मागवली. अंगात येणारा ताठरपणा कमी करायला दिलेलं प्रोसायक्लिडीन त्यात होतं. या औषधाने डोळ्यांचं जवळचं फोकस ढिलं पडतं, डोळे कोरडे होतात. वर वय पन्नास, आणि वाचायचा चष्मा आयुष्यात कधी घेतलेला नाही. प्लस दोनची काच धरली आणि त्यांनी तक्त्यावरची सर्वांत बारीक ओळ वाचली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "थांबली." अशा नोंदी बऱ्याच ठिकाणी सापडतात. एकदा माणसाच्या नावापुढे निदान लागलं की त्याचं दुखणं, खुपणं, दिसणं सगळं त्याच खात्यावर जमा होतं. संशोधनाबद्दल बोलण्याआधी हे सांगून टाकलं, कारण नंतर सांगितलं तर ते तळटीप होऊन बसतं.

संशोधनही करते, आठवड्यातून एक दिवस, एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. स्किझोफ्रेनिया असलेली माणसं आणि त्यांची सख्खी भावंडं कशी बघतात, हे मोजायचं. मी तिथे फक्त हाताखाली. तिथल्या संशोधकांना आधी प्रत्येकाची नजर नीट तपासून, योग्य नंबर लावून खुर्चीत बसवणारं कोणी तरी हवं होतं. धूसर दिसणाऱ्या माणसाच्या आकलनाचा अभ्यास कोण कसा करणार? तक्ते माझे नेहमीचेच. १९८८चा पेली-रॉब्सन तक्ता तर सगळ्यांना आवडतो. त्यात सगळी अक्षरं एकाच मापाची, फक्त खाली खाली फिकट होत जाणारी, शेवटी कागदात विरून जाणारी.

पण लोकांना ऐकायची असते ती मुखवट्याची गोष्ट. ती मला माझ्याच घरातून सांगता येते. माझ्याकडे आजेसासूबाईंचे गौरीचे पितळी मुखवटे आहेत. पत्र्यावर ठोकून केलेले, त्यामुळे आतून नाक, ओठ, डोळे सगळं खोलगट उमटलेलं. गौरी विसर्जनानंतर ते पुसून ठेवताना पाठीमागून, जरा लांबून, एक डोळा मिटून बघा. खोलगट चेहरा बघता बघता फुगून बाहेर येतो. तुम्ही डावीकडे सरकलात की तोही मान वळवतो. आपल्याला पक्कं ठाऊक असतं की ही आतली बाजू आहे, बोट घालून खात्री करता येते, तरी डोळे ऐकत नाहीत. जन्मापासून पाहिलेला प्रत्येक चेहरा बाहेर आलेला होता, आणि मेंदू त्या शिदोरीवर समोरच्या पुराव्याला गप्प बसवतो. ब्रिस्टलच्या रिचर्ड ग्रेगरींनी हा पोकळ मुखवटा जगभर प्रसिद्ध केला. चार्ली चॅप्लिनचा मुखवटा सावकाश फिरवून ते हा खेळ दाखवत. पाहणं म्हणजे मेंदूने सतत बांधलेले अंदाज, हे त्यांनी आयुष्यभर मांडलं. याच ग्रेगरींनी ब्रिस्टलमधल्या सेंट मायकेल्स हिलच्या पायथ्याशी एका कॅफेच्या भिंतीवरच्या काळ्यापांढऱ्या फरशांच्या सरळ रेघा तिरप्या का दिसतात त्यावर शोधनिबंध लिहिला. चहा प्यायला जाऊन शोधनिबंध घेऊन येणारी माणसं मला फार आवडतात.

स्किझोफ्रेनिया असलेल्या पुष्कळांना मात्र तो मुखवटा पोकळच दिसतो. २००९ मध्ये हॅनोव्हरच्या डानाइ डिमा आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे जोनाथन रॉयझर यांनी १३ रुग्ण आणि १६ निरोगी माणसं यांना एमआरआयमध्ये ठेवून हे तपासलं. निरोगी मेंदूत वरच्या, जाणत्या भागांकडून खालच्या दृश्यभागांना जो आदेश जातो, तो रुग्णांत सैल पडलेला दिसला. त्याआधी २००५ मध्ये स्टीव्हन डेकिन, पॅट्रिशिया कार्लिन आणि डेव्हिड हेम्स्ली यांनी लंडनमध्येच एक वेगळी गंमत केली होती. मंद ठिपक्याठिपक्यांची एक चकती, भोवती भडक नक्षी. भोवतालच्या भडकपणामुळे तुम्हा-आम्हाला मधली चकती आहे त्याहून फिकी दिसते. रुग्णांना ती आहे तशीच दिसली. पंधरापैकी बारा जणांनी तर निरोगी गटातल्या सर्वांत अचूक माणसाहूनही अचूक उत्तरं दिली. या आजारात माणूस कशात ना कशात मागे पडतो, असंच चाचण्यांमधून निघत आलेलं. सरस ठरल्याची उदाहरणं थोडी, म्हणून हे लक्षात राहिलं.

प्रयोगशाळेत पहिल्यांदा मी एका तरुणाला मुखवटा दाखवला तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आत गेलेला आहे. यात विचारायचं काय?" त्याच्या आवाजात कीव होती, माझ्याबद्दलची. मला तो आजही बाहेर आलेलाच दिसतो. इतकी वर्षं डोळ्यांचं काम करून काडीचा फरक नाही.

इथून पुढे एक उडी फार सोपी आहे: म्हणजे वेड्यांना खरं दिसतं आणि शहाणे फसतात. इंग्रजी वर्तमानपत्रांनी ती मारलीही. मला ती पटत नाही. ज्या सवयीमुळे आपण मुखवट्याला फसतो, तीच सवय धुक्यात समोरून येणारी बस ओळखायला मदत करते. गर्दीत भोवतालच्या शंभर गोष्टी दाबून टाकणारा मेंदू नसेल, तर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालणं काय असेल? एका बाईंनी मला सांगितलं होतं की सुपरमार्केटमध्ये प्रत्येक डबा त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलायला येतो, मागे हटून कोणीच उभं राहत नाही. त्या भासाबद्दल बोलत नव्हत्या, डब्यांबद्दलच बोलत होत्या. चकतीच्या चाचणीत अशी नजर जिंकते, आणि दुकानातून साबण न घेताच घरी येते.

शिवाय निकाल एकाच दिशेने जातात असंही नाही. २०१५ मध्ये केंब्रिज आणि कार्डिफच्या ख्रिस्टोफ टॉयफेल, पॉल फ्लेचर यांच्या गटाने काळ्यापांढऱ्या डागांची चित्रं दाखवली. नुसती बघून काही बोध होत नाही. मूळ रंगीत फोटो पाहून परत आलं की डागांतून एकदम माणूस उभा राहतो. ज्यांना आजाराची सुरुवातीची चिन्हं दिसू लागली होती, त्यांना या आधी मिळालेल्या माहितीचा फायदा इतरांपेक्षा जास्त झाला. म्हणजे इथे शिदोरीवरचा भर वाढलेला, आणि मुखवट्यात तो सैल. दोन्ही प्रयोग नीट केलेले आहेत. आजाराची पायरी वेगळी, मेंदूतला थर वेगळा, असं त्याचं स्पष्टीकरण देतात आणि ते बहुधा बरोबर असावं. मला यातून एवढंच कळतं की हा आजार म्हणजे बिघडलेला कॅमेरा नव्हे. समोर दिसतं त्याला किती मोल द्यायचं आणि आधी ठाऊक आहे त्याला किती, हा सौदा प्रत्येक डोळा क्षणोक्षणी करतो. यांच्यात तो वेगळ्या भावाने होतो.

आणि हा भाव घराण्यातून येतो का, हे बघायला भावंडं लागतात.

त्यामागचा इतिहास माझ्या रोजच्या बसच्या रस्त्यावरच आहे. डेन्मार्क हिलच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९४८पासून एक नोंदवही ठेवली गेली. उपचाराला आलेल्या प्रत्येकाला विचारायचं, तुम्ही जुळे आहात का? त्या वहीतून आयर्व्हिंग गॉट्समन आणि जेम्स शील्ड्स यांना जुळ्यांच्या ५७ जोड्या मिळाल्या. एकसारख्या जुळ्यांत एकाला आजार असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास, वेगळ्या जुळ्यांत दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे रक्तात काही तरी आहे. पण सगळं रक्तातच असतं, तर एकसारख्या जुळ्यांत आकडा शंभर आला असता. जे रक्तात आहे पण अजून आजार झालेलं नाही, अशा आतल्या खुणेसाठी या दोघांनी 'एंडोफिनोटाइप' हा शब्द नाकतोड्यांच्या अभ्यासातून उचलला. १९७३ साली अमेरिकेत फिलिप होल्झमननी अशी एक खूण डोळ्यांतच दाखवली. झुलणाऱ्या लंबकामागे आपली नजर घरंगळत जाते. रुग्णांची अडखळत, उड्या मारत जाते. पुढच्या वर्षी त्यांनी नातेवाइकांना तपासलं. धडधाकट, नोकरीधंदा करणाऱ्या सख्ख्या नातेवाइकांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांची नजर तशीच अडखळत होती. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला फिलिप बेन्सन आणि डेव्हिड सेंट क्लेअर यांनी २०१२ मध्ये अशा नजरेच्या चाचण्या एकत्र करून रुग्ण आणि निरोगी माणसं ९८ टक्के अचूकतेने वेगळी काढली. तरी आजही या देशात कोणाचंही निदान लंबक झुलवून होत नाही. डॉक्टर समोर बसतात, बोलतात, ऐकतात, आणि त्यावरूनच ठरवतात.

भावंडं प्रयोगशाळेत येतात ती विज्ञानाला मदत म्हणून, असं अर्जावर लिहिलेलं असतं. खरं कारण ती निघताना दारात सांगतात. एक बसचालक होता, उंचापुरा, हसरा. त्याची बहीण विशीतच आजारी पडलेली. चाचण्या झाल्यावर जॅकेट चढवत म्हणाला, "मला तो चेहरा बाहेर आलेलाच दिसला. म्हणजे मी सुटलो ना?"

आम्हाला वैयक्तिक निकाल सांगायचे नसतात. नियम आहे आणि शहाणपणाचा आहे. गटाच्या सरासरीत फरक दिसतो, एकट्या माणसाबद्दल ती सरासरी काही बोलत नाही. निरोगी माणसांतही मुखवट्याला न फसणारे असतात, रुग्णांतही फसणारे असतात. मी त्याला गॉट्समननी पुढे गोळा केलेले आकडे सांगितले. सर्वसाधारण लोकांत आयुष्यभराचा धोका साधारण एक टक्का, सख्ख्या भावंडांत नऊच्या आसपास. म्हणजे शंभर भावंडांतली एक्क्याण्णव तुझ्याच बाजूला. शिवाय आजार बहुतेकांना तिशीच्या आत गाठतो आणि हा चाळिशी ओलांडलेला. तो म्हणाला, "नऊ म्हणजे पुष्कळ झाले." मग म्हणाला, "एक्क्याण्णव पण पुष्कळच." हिशेब त्याचा त्याने केला. मी काही जोडलं नाही.

चाळिशीनंतर काचबिंदूच्या रुग्णांच्या भावंडांची तपासणी इंग्लंडमध्ये फुकट होते. मी रोज तो रकाना भरते. आई, वडील, भाऊ, बहीण, कोणाला काचबिंदू? तिथे प्रश्न विचारण्यात अर्थ असतो, कारण दाब वाढलेला सापडला तर थेंब देता येतात. लंबकामागे नजर अडखळली म्हणून कोणाला काय देणार? काळजी. ती त्यांच्याकडे आधीच भरपूर असते. अलीकडे झ्युरिकच्या संशोधकांनी यूके बायोबँकमधल्या सुमारे ३५ हजार निरोगी लोकांचे डोळ्यांचे स्कॅन तपासले. ज्यांच्यात या आजाराची जनुकीय जोखीम जास्त, त्यांचा डोळ्याचा पडदा किंचित पातळ. किंचित म्हणजे इतका की मी माझ्या ओसीटी यंत्रावर एकेक माणूस बघत बसले तर मला जन्मात कळणार नाही. असं काही छापून आलं की आठवडाभर दुकानात विचारणा होते, "स्कॅनमध्ये डोक्याचं कळतं म्हणे?"

तज्ज्ञही अपेक्षेप्रमाणेच बघतात, हे मला बेकनहॅमच्या बेथलेम संग्रहालयात कळलं. बेथलेम रुग्णालय १२४७ सालचं, पण संग्रहालय या जागेत २०१५पासून. तिथे लुई वेन या चित्रकाराची मांजरं आहेत. एके काळी या माणसाची चहा पिणारी, गोल्फ खेळणारी मांजरं इंग्लंडच्या घराघरांत होती. १९२४मध्ये त्याला वेड्यांच्या रुग्णालयात ठेवलं, पुढे एच. जी. वेल्ससारख्यांनी खटपट केली तेव्हा बेथलेममध्ये आणि शेवटी नॅप्सबरीला हलवलं. त्याची धाकटी बहीण मारी त्याआधीच, १९०१मध्ये, अशाच रुग्णालयात दाखल झाली होती. १९३९ मध्ये वॉल्टर मॅक्ले या मानसोपचारतज्ज्ञाला नॉटिंग हिलच्या एका दुकानात वेनची आठ चित्रं मिळाली. साध्या मांजरापासून रंगीबेरंगी नक्षीत विरून गेलेल्या मांजरापर्यंत त्याने ती ओळीने लावली: बघा, आजार वाढत गेला तशी नजर फुटत गेली. अनेक वर्षं मानसशास्त्राच्या पुस्तकांत ती ओळ छापली गेली. चित्रांवर तारखाच नव्हत्या. वेन नक्षीची मांजरं काढत होता त्याच काळात साधीही काढत होता. पोकळ मुखवटा बाहेर आलेला दिसावा, तशी डॉक्टरांना ती चढती भाजणी दिसली. आठही चित्रं सुरेख आहेत, हे मात्र कोणत्याही क्रमाने लावली तरी खरं.

आता काकूंबद्दल. त्या हॅरोला राहतात, नाव सांगत नाही. भेट झाली एका गणेशोत्सवात, प्रसादाच्या रांगेत. मी काय काम करते ते कोणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. बाजूला घेऊन म्हणाल्या, "'देवराई' पाहिलाय ना तू? अतुल कुलकर्णीचा? आमच्या घरी तसंच आहे." थोरला मुलगा विद्यापीठात असताना आजारी पडला, सेक्शन करून, म्हणजे कायद्याने सक्तीने, रुग्णालयात ठेवावं लागलं, आता क्लोझापीनवर बरा आहे, ग्रंथालयात काही तास काम करतो. चारचौघांत हे त्या कधीच बोलल्या नव्हत्या. मग मूळ मुद्दा आला. धाकटीचं बघताहेत. पुण्याचं एक स्थळ आहे. "तुमच्याकडे ती भावंडांची डोळ्याची टेस्ट होते म्हणे. तिची करून एक कागद मिळेल का? काही नाही म्हणून. म्हणजे विचारलं कोणी तर दाखवता येईल."

मी म्हटलं, काकू, असा कागद जगात कोणी देऊ शकत नाही. त्या म्हणाल्या, "पण तुम्ही टेस्ट तर करता." यावर उत्तर देणं अवघड होतं, कारण करतोच. मी पुन्हा गट, सरासरी वगैरे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि "बघ बाई, जमलं तर" म्हणून मोदक हातावर ठेवला.

काही महिन्यांनी धाकटी स्वतःच आली, आमची जाहिरात बघून, आईला न सांगता. ओळखीची म्हणून तिच्या चाचण्या माझ्या सहकाऱ्याने घेतल्या. माझ्याकडे फक्त नजर तपासायचं काम राहिलं. लेखापालाची नोकरी, बोलायला फटकळ. म्हणाली, "ताई, मला माझ्याबद्दल जाणून घ्यायचं नाहीये. दादाला लहानपणी काय दिसायचं ते मला कधीच कळलं नाही. तो म्हणायचा भिंतीवरची फुलं पुढे येतात. मी म्हणायचे, खोटं बोलतोस. तर म्हटलं, तुम्ही लोक तेच मोजताय, तर माझं मोजून घ्या. त्याच्यासाठी." दादालाही ती आणणार होती, त्याची तयारी असेल तर. त्याची तयारी नव्हती. म्हणाला, माझे डोळे लोकांनी पुष्कळ बघितले.

तिचा नंबर निघाला, दोन्ही डोळ्यांना मायनस एक. गाडी रोज चालवते, एम-२५वर. इथे कायद्याने वीस मीटरवरून गाडीची पाटी वाचता यायला हवी. आम्ही मागच्या वाहनतळात जाऊन बघितलं, तिला दोन अक्षरं लागेनात. मी म्हटलं, आज गाडी इथेच ठेवून ट्रेनने जा, आणि चष्मा आल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नकोस. "एवढंच निघालं?" तिने विचारलं. माझ्या हातात एवढंच होतं. तिने काळी जाड फ्रेम निवडली.

चार दिवसांनी काकूंचा फोन आला. मुलीने चष्म्याचं तेवढं सांगितलं होतं, बाकीचं नाही. आवाज काळजीचा. "अगं, बायोडाटात चष्म्याचा रकाना असतो. एक नंबर म्हणजे लिहावाच लागेल का? का रात्री गाडीपुरता आहे म्हणून सोडून देता येईल?"